बी लिहून न ठेवलेलं चित्र

डोळ्यांच्या दवाखान्यात तिला सगळे ठिपकेबाई म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले, आणि शेवटी तीच फोन उचलून "हो, ठिपकेबाईच बोलतेय" असं म्हणायला लागली, तेव्हा चेष्टेतली गंमत संपली. दुसऱ्या मजल्यावर एक अंधारी खोली, खोलीत मोठ्या परातीएवढं पांढरं पोकळ यंत्र आणि यंत्राशेजारी स्टुलावर ही, असा संसार एकवीस वर्षं चालला होता. पेशंटने हनुवटी टेकायची, एक डोळा झाकायचा, समोरच्या पिवळ्या दिव्याकडे बघत राहायचं आणि आजूबाजूला कुठेही प्रकाशाचा ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. त्यावरून कळतं की माणसाला कडेकडेचं किती दिसतंय. काचबिंदू झालेल्यांची नजर कडेने खचत जाते. विहिरीत उतरल्यासारखं वर फक्त तेवढं गोल उरतं.

"समोर बघा. ठिपका शोधू नका. दिसला की दाबा." हे वाक्य तिने किती वेळा म्हटलं असेल याचा हिशेब तिने एकदा गणिताची पदवीधर म्हणून मांडला होता आणि उत्तर बघून कागद फाडून टाकला होता. पेशंट वैतागत. "अहो बाई, काही दिसत नाहीये, यंत्र बंद आहे तुमचं!" असं म्हणत. यंत्र चालू असायचं. हे त्यांना सांगण्याचं काम डॉक्टरीणबाईंचं होतं, पण सांगावं लागायचं हिलाच, आणि तेही तोंडाने काही न बोलता. संध्याकाळी खोलीतून बाहेर आली की तिला डोळे मिटले तरी ठिपके दिसत.

अशा बाईने घरी येऊन पुन्हा ठिपक्यांशीच खेळावं, याला काय म्हणावं? धाकटा भाऊ म्हणायचा, "हलवायाने सुट्टीच्या दिवशी पेढे वळायला बसावं तसं आहे तुझं." पण ती बसायची. पहाटे साडेपाच ते सात, जेवणाच्या टेबलावर, लॅपटॉप पुढे घेऊन ती चित्रं काढायची. ब्रशने नाही. ती नियम लिहायची आणि नियमातून चित्र उगवायचं. सूर्यफुलात बिया ज्या कोनाने एकापुढे एक बसतात, तो कोन सांगितला की पडद्यावर सूर्यफूल फिरायला लागायचं. कोन केसभर बदलला की त्याचं चाक व्हायचं. थव्यातल्या पक्ष्यांना तीन नियम पुरतात: शेजाऱ्याला धडकू नको, शेजाऱ्याच्या दिशेने जा, फार लांब जाऊ नको. हे तिने एका शास्त्राच्या पुस्तकात वाचलं आणि दोनशे रेघांचा थवा उडवला. दवाखान्यातल्या नर्सा फोनवर बघून म्हणायच्या, "मस्त! पण हे कॉम्प्युटरच काढतो ना? तुम्ही काय करता?" ती म्हणायची, "नियम माझे, फासे त्याचे." मग त्या फोन परत द्यायच्या.

फासे म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. कॉम्प्युटरला मनाने काही सुचत नाही. त्याला फासे टाकायचे तर आधी एक आकडा द्यावा लागतो. त्या आकड्याला ही 'बी' म्हणायची. तीच बी पुन्हा पेरली की तेच चित्र, तसूभरही फरक न होता, पुन्हा उगवतं. दुसरी बी, दुसरं चित्र. म्हणून या धंद्यातली शहाणी माणसं प्रत्येक चित्राखाली बी लिहून ठेवतात. आमची ठिपकेबाई शहाणी होती, पण सुरुवातीच्या दिवसांत नव्हती. तेव्हा ती आळस करायची; बी म्हणून घड्याळातला चालू सेकंद, तारखेसकट, घ्यायची आणि लिहून ठेवायची नाही. चित्र आवडलं की छापायची, नाही आवडलं की पुन्हा कळ दाबायची. पुढचा सेकंद, पुढचं चित्र. कोणाला कधी मागचा सेकंद परत हवा असेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

तो हवा होता तिच्या वडिलांना.

बाबा पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं नकाशे काढत होते. जमिनीखालचे नळ, कुठला कुठे फुटतो, कुठे झडप, कुठे शेवट, सगळं शाईने आणि एकाच जाडीच्या रेघेत. निवृत्त झाले, तरी सुंभ जळला पण पीळ गेला नव्हता. किराणाची यादीसुद्धा पट्टी धरून लिहायचे. बायको चार वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून बापलेक दोघंच राहत होते. हिचं लग्न आधी जमलं नाही आणि नंतर हिने जमवलं नाही. आई गेल्यानंतर काही दिवसांनी ही छापलेली चित्रं टेबलावर पसरून बसली होती, तेव्हा बाबांनी न विचारता त्यातलं एक उचललं, चौकटीत घातलं आणि आपल्या पलंगाशेजारी टांगलं.

ते चित्र वाढीचं होतं. मध्ये एक कण ठेवायचा. मग लांबून दुसरा सोडायचा. तो दारुड्यासारखा इकडेतिकडे झोकांड्या खात हिंडतो आणि मधल्याला लागला की तिथेच चिकटतो. मग तिसरा, चौथा. असे चाळीस हजार दारुडे चिकटले की काचेवर धरलेल्या हिमासारखं एक झाड तयार होतं, फांद्यांना फांद्या फुटलेल्या. कुठल्याही टोकापासून निघालं तरी मध्याशी पोचायला वाट एकच. बाबांना हे नळांच्या नकाशासारखं वाटत असेल अशी तिची समजूत होती. रोज सकाळी चहाच्या आधी ते एक टोक धरायचे आणि बोट न उचलता मध्यापर्यंत जायचे. मग त्यांना काचबिंदू निघाला. उजवा डोळा गेला, डावा आत आत येत गेला, तरी हा नेम चालू राहिला. बोटाच्या टोकापुरतं दिसलं तरी या कामाला पुरत होतं.

आणि एक दिवस त्यांनी स्वतःच काच पुसायला चौकट उघडली, ओल्या फडक्याने पुसली आणि कागद ओल्या काचेवर परत बसवला. घरच्या प्रिंटरची शाई ती. संध्याकाळी ही आली तेव्हा चित्राचा काळानिळा ओघळ झाला होता. उजवीकडचा खालचा कोपरा तेवढा वाचला होता. बाबा पलंगावर बसले होते.

"दुसरं छापून देते की," ती म्हणाली. "आणि या वेळी मोठं देते. रेघ जाड करते."

"तेच हवं," बाबा म्हणाले.

"तेच देते."

बोलून गेली आणि मग तिला घाम फुटला. जुना लॅपटॉप केव्हाच मेला होता आणि त्याच्याबरोबर चित्राची फाइलही. नियम शिल्लक होते, ते तिने कधीतरी स्वतःलाच मेल करून ठेवले होते. बी नव्हती. धाकट्याच्या फोनमध्ये एका फोटोत ती चौकट मागे दिसत होती; काचेवर फ्लॅशचा पांढरा गोळा, आणि त्याच्यापुढे धाकट्याचं डोकं.

त्याच आठवड्यात बाबांच्या नजरेची तपासणी होती. ती तिनेच घेतली, दुसरं कोण घेणार? यंत्र लबाड असतं. मध्येच नुसता आवाज करतं आणि ठिपका दाखवतच नाही. तेव्हाही जो बटण दाबतो, त्याची नोंद होते. बाबांच्या कागदावर खोटी उत्तरं एकतीस टक्के आली.

"बाबा, नसलेले ठिपके का दाबता?"

"म्हटलं, तुला जरा बरं वाटेल."

तिने तपासणी पुन्हा घेतली. खरा कागद डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ हातात धरला आणि म्हणाल्या, "औषध चालू ठेवू. पण तुला मी काय सांगू? तू रोज बघतेस. काही महिने धर." ती हो म्हणाली, खाली आली आणि पुढच्या पेशंटला म्हणाली, समोर बघा.

म्हणजे ते चित्र शोधायचं, तर या काही महिन्यांत. बाबांचा डोळा मिटला की मग सापडून उपयोग शून्य.

तिने डोकं लावलं. चित्र आईच्या आजारपणाच्या महिन्यातलं, एवढं नक्की. तेव्हा ती रजेवर होती. पहिले चौदा दिवस आई घरीच होती आणि दुपारी झोपायची, तेव्हा ही लॅपटॉप घेऊन बसायची. म्हणजे त्या चौदा दिवसांतला एक सेकंद. एका दिवसात शहाऐंशी हजार चारशे सेकंद असतात. एक चित्र पुरं व्हायला जुन्या लॅपटॉपवर दहा मिनिटं लागायची, नव्यावर एक लागतं; एका दिवसाची सगळी चित्रं पुरी करायची तर दोन महिने. तेव्हा तिने युक्ती केली. पहिले दोन हजार कण एका सेकंदात चिकटतात आणि झाडाचा सांगाडा तेवढ्यातही कळतो. बाबांना सांगाडा तोंडपाठ होता: मधून पाच फाटे, वरचा डावीकडचा खुरटा, खालचा उजवीकडचा सगळ्यांत लांब. एवढं जुळेल तेवढीच चित्रं बाजूला काढायची, ती पुरी करायची आणि वाचलेल्या कोपऱ्याशी ताडून बघायची.

गंमत अशी झाली की एक दिवस शोधायला बरोबर एक दिवस लागू लागला. चार वर्षांपूर्वीचा सोमवार शोधायचा तर आजचा अख्खा सोमवार घालवायचा. लॅपटॉप टेबलावर घों घों करत चालू राहायचा, त्याच्याखाली दोन पाट्या आणि बाजूला टेबलफॅन. स्वतःची चित्रं बंद झाली. पहाटे साडेपाचला ती उठायची आणि आदल्या दिवसाने बाजूला काढलेली दोनशे-अडीचशे झाडं एकेक करून बघायची. हे नाही. हे नाही. मग दवाखान्यात जाऊन दिवसभर लोकांना ठिपके दाखवायची. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी थेंब दिले आणि रजा घे म्हणाल्या. रजा कशाला घ्यायची? घरी तरी तेच होतं.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा असेल तुझं," धाकटा फोनवर म्हणाला. "नीट आठव, कुठेतरी लिहिलं असशील."

"नाही लिहिलं."

"मग बाबांना दुसरं दे एखादं. त्यांना काय कळणार आहे आता?"

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं ती म्हणाली खरी, पण नवव्या दिवशीचं एक झाड बरंचसं जुळलं तेव्हा तिचाही पाय घसरला. ती दमली होती. माणूस दमला की त्याला सगळं सारखंच दिसायला लागतं. तिने ते मोठं छापून आणलं, बाबांच्या पुढ्यात धरलं आणि काही बोलली नाही. बाबांनी टोक धरलं. बोट निघालं, वळलं, थांबलं. ज्युनियरने आणलेली नक्कल तपासावी तसं त्यांनी मागे येऊन पुन्हा पाहिलं.

"हा फाटा इथे डावीकडे वळायचा," ते म्हणाले. "हे दुसरं आहे."

"जवळपास तसंच आहे, बाबा."

"जवळपासच्या नळाला पाणी येत नाही."

तिला राग आला. एवढा की ती तो कागद गुंडाळून स्वयंपाकघरात गेली आणि उगाच दोन भांडी आपटली. चांगल्या एकवीस वर्षांच्या नोकरीत तिने कोणावर आवाज चढवला नव्हता. इथे म्हाताऱ्या बापावर चढवला. "काय आहे एवढं त्यात? सगळी झाडं सारखीच असतात. चाळीस हजार ठिपके! मी बनवलंय ते, मला माहितीये!" पलंगावरून बाबांचा आवाज आला, "राहू दे मग. तू दमलीस."

राहू दे म्हटलं की राहवत नाही, ही या घराची जुनी खोड. उरलेले पाच दिवसही तिने शोधले. चौदावा दिवस संपला तेव्हा रविवारची सकाळ होती. लॅपटॉपचा पंखा थांबला आणि घर एकदम शांत झालं. चित्र सापडलं नव्हतं. बाबा टेबलाशी येऊन बसले. खुर्ची त्यांनी हाताने चाचपून ओढली, हे तिने पाहिलं. महिनाभरापूर्वी चाचपावं लागत नव्हतं.

"नक्की शोधतेस तरी कसं?" त्यांनी विचारलं. त्यांनी हे पहिल्यांदाच विचारलं, आणि तिनेही कधी सांगितलं नव्हतं.

तिने सांगितलं. घड्याळ, सेकंद, बी. प्रत्येक चित्र म्हणजे एकेक सेकंद. आई घरी होती ते चौदा दिवस तिने संपवले, सेकंद न सेकंद.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. टेबलाच्या कडेवरून त्यांचा अंगठा सरळ रेघेत फिरत राहिला. मग ते म्हणाले, "आणि मंगळवार?"

"कुठला मंगळवार?"

"तुला माहितीये कुठला."

तिला माहीत होता. ती काही विसरली नव्हती. तो मंगळवार तिने यादीतून गाळला होता, आणि गाळला हेही स्वतःला सांगितलं नव्हतं. चौदा दिवसांनंतर आईला इस्पितळात हलवलं होतं. सहाव्या दिवशी, मंगळवारी, धाकटा आणि बाबा आत होते आणि ही बाहेर पॅसेजमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. दवाखान्याच्या कामाचे रिपोर्ट बघतेय, असं तिने धाकट्याला सांगितलं होतं. नर्सने हाक मारली तेव्हा लॅपटॉप बंद करून, पिशवीत ठेवून, चेन लावून ती आत गेली. तेवढ्यात आई गेली होती. त्या चेनचा आवाज तिला अजून ऐकू यायचा. आई मरत असताना आपण कळ दाबून झाडं उगवत बसलो, हे तिने जगात कोणाला सांगितलं नव्हतं. ज्याला सांगितलं नाही, ते घडलंच नाही, असं धरून तिने चार वर्षं काढली होती.

"तुम्हाला कसं माहीत?" तिने विचारलं.

"चार वाजले होते," बाबा म्हणाले. "चहावाला नुकता गेला होता. चारच्या आगेमागे बघ."

तिने चारच्या आधीचा अर्धा तास आणि नंतरचा अर्धा तास घातला. तीन हजार सहाशे सेकंद, म्हणजे एक तास. तो तास दोघं टेबलाशी बसून राहिली. चहा करावा, हे कोणालाच सुचलं नाही. तासाने सात झाडं बाजूला निघाली. पाचवं पुरं होत आलं तेव्हा वाचलेला कोपरा हातात घेण्याची गरजच पडली नाही. खालचा फाटा डावीकडे वळला.

दुपारी ती बाजारातल्या मोठ्या प्रिंटरच्या दुकानात गेली. रेघ तिप्पट जाड केली आणि टेबलाएवढा कागद काढून घेतला. "मॅडम, हे काय आहे, नदी का?" दुकानदाराने विचारलं. ती म्हणाली, "हो." कागद घरी आणून तिने बाबांच्या पलंगाशेजारी, बसल्या बसल्या हात पोचेल असा भिंतीला लावला. या वेळी काच नाही.

बाबा पुढे सरकले, इतके की नाक कागदाला लागायचं बाकी होतं. टोक सापडायला वेळ लागला. मग बोट निघालं. ती मागे उभी राहून बघत होती. फाट्याशी बोट डावीकडे वळलं, अडखळलं नाही.

"किती वाजता निघालं?" त्यांनी विचारलं.

"चार वाजून सात मिनिटं, बावीस सेकंद."

"आणि तुझी आई?"

"चार चाळीसला."

बाबांनी मान हलवली. आता तिच्याने राहवेना. "मी आत असायला हवं होतं, बाबा," ती म्हणाली. "मी बाहेर हे करत बसले होते. मी खोटं सांगून बसले होते."

"मीपण बाहेर होतो," बाबा म्हणाले.

तिला वाटलं ते पुन्हा तिला बरं वाटावं म्हणून बोलतायत. पण त्यांनी कागदावरचं बोट काढून मांडीवर ठेवलं होतं आणि आवाज खाली गेला होता.

"आत मला श्वास घेता येईना. सहा दिवस ती घरघर ऐकत होतो. धाकट्याला म्हटलं, पाणी आणतो. पाणी आणायला गेलोच नाही. तुझ्या खुर्चीमागे उभा राहिलो. तुझ्या पडद्यावर हे वाढत होतं, तुला कळलंसुद्धा नाही. चांगली दहा मिनिटं असेन. मग आत गेलो." ते थांबले. "त्या सहा दिवसांत तेवढी दहा मिनिटं मला बरी गेली. तिकडे ती तशी, आणि मला बरं वाटत होतं. हे कोणाला सांगायचं?"

ती जमिनीवर पलंगाला टेकून बसली. रडू आलं ते तिने येऊ दिलं. बाबांनी पुन्हा हात पुढे केला आणि कागदावर इकडेतिकडे चाचपला.

"कुठे होतो मी?"

तिने त्यांचं बोट धरलं आणि परत रेघेवर ठेवलं.